टीम जिंकू लागली तेव्हा

लता सोहोनी शनिवार-रविवारी लायब्ररीत काम करते, असा ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या मराठी मंडळींचा समज होता. तो तिच्या नवऱ्याने, गिरीशने, करून दिला होता. चौऱ्याऐंशी साली तेलकंपनीने त्याला घरी बसवलं, तेव्हा लताने ह्यूस्टनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम धरलं. नारिंगी जाकीट घालायचं, तिकीट बघायचं, फडक्याने खुर्ची पुसून द्यायची. गिरीशची अट एकच होती: मराठी मंडळात कळता कामा नये.

पहिली दोन वर्षं ते सोपं गेलं. ह्यूस्टनची अ‍ॅस्ट्रोज टीम कधी जिंकायची, कधी हरायची, आणि कितीतरी खुर्च्या रिकाम्या राहायच्या. आपल्यापैकी कुणी तिकडे फिरकत नसे. रिकाम्या रांगांपाशी उभी राहून लता खेळ शिकली. चेंडू टाकणारा पिचर दमलाय हे तिला त्याच्या चालण्यावरून कळू लागलं.

शहाऐंशीत टीम जिंकायला लागली. लताला कामाचे दिवस जास्त मिळाले आणि धास्तीही वाढली, कारण आता मंडळातही बेसबॉलच्या गप्पा सुरू झाल्या. एका मंगळागौरीला बायका टीमबद्दल चुकीचं काहीबाही बोलत होत्या आणि लता मुकाट्याने भाजी ढवळत होती. टीम जिंकावी असं तिला वाटे, पण जपून.

सप्टेंबरातल्या एका दुपारी मंडळातली पद्मजा काळे आणि तिचा नवरा विवेक थेट लताच्याच पायऱ्या उतरत आले. मागे रांग होती, लपायला जागा नव्हती. विवेकने मैदानाकडे बघतच तिकिटं पुढे केली. पद्मजाच्या पिशवीतून कोथिंबीर वड्यांचा वास येत होता. बाहेरचं खाणं आत आणायला बंदी होती आणि सुपरवायझर दोन पायऱ्या वर उभा होता.

लताने खुर्ची पुसली आणि ती हळूच म्हणाली, "पद्मजा, डबा खुर्चीखाली सरकव. तो बघतोय."

पद्मजाने तिच्याकडे बघितलं, मग जाकिटाकडे. "लायब्ररी बरीच मोठी आहे गं तुझी."

"तिसरं वर्ष आहे," लता म्हणाली.

सातव्या इनिंगला रिवाजाप्रमाणे सगळे पाय मोकळे करायला उठले, तेव्हा पद्मजा एकटीच वर लतापाशी आली. विवेकच्या कंपनीतही महिनाअखेरीस नोकरकपात होणार, त्याची झोप उडालीय, हे तिने मैदानाकडे बघत सांगितलं. मग म्हणाली, "इथे माणसं लागतात का गं?"

घरी आल्यावर लताने गिरीशला सगळं सांगितलं. पद्मजा हसली का, एवढंच त्याने विचारलं. नाही, अर्ज मागितला, असं लता म्हणाली.

ऑक्टोबरात टीम अंतिम फेरीच्या तोंडाशी येऊन हरली.

पुढच्या गुढीपाडव्याला मंडळात नव्या सीझनची चर्चा निघाली, तेव्हा गिरीश ताट घेऊन उभा होता. "आमच्या लताला विचारा," तो म्हणाला, "ती तिथेच काम करते. आता पद्मजाही जाणार आहे."

एका काकांनी लताला विचारलं, यंदा जिंकणार का?

"पिचर चांगले आहेत, पण बॅटिंग कच्ची आहे," लता म्हणाली. "हरतीलसुद्धा. तुम्ही मात्र या, काका."