आदी वाफ, मगे आग

कुठलीही गरम वस्तू समोर आली की शेजारचे काका आधी उलटा हात तिच्याकडे धरायचे. चहाचा कप असो, चुलीवरचा तवा असो, नाहीतर तापाने फणफणलेली आमची धाकटी असो. तळहात कधी नाही, हाताची मागची बाजू. क्षणभर डोळे बारीक करायचे आणि मग निकाल द्यायचे. "वायच थांब. अजून कडक आसा." किंवा "घे आता." मी एकदा विचारलं, असं उलटं का? तर म्हणाले, "तळहात खोटां बोलता गो बाय. राबून राबून जाड झालेलो तो. पाठचो हात खरां सांगता."

तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या सवयींना आपण आधी हसतो आणि पुढे कधीतरी त्याच सवयी उचलतो. मी आजही माझ्या मुलीचा ताप उलट्या हातानेच बघते.

ते मूळचे मालवणकडचे. आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये, बॉयलरच्या तोंडाशी गेलेलं. निवृत्त झाल्यावर समुद्रकाठी घर बांधतील असं सगळ्यांना वाटलं, तर हे काकींच्या माहेरी, फोंडाघाटाला येऊन राहिले. कोणी कारण विचारलं की म्हणायचे, "समुद्रान माका पुष्कळ बघल्यान. आता डोंगराक बघूंदे." आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये फक्त एक फणस आणि कमरेएवढा दगडी गडगा. सगळी वाडी त्यांना काका म्हणायची, आम्हीही.

दोन गोष्टींमुळे ते वाडीत प्रसिद्ध होते. एक म्हणजे त्यांची डावी भुवई. ती अर्धीच होती. कोणी विचारलं तर दर वेळी वेगळी गोष्ट. एकदा म्हणे ब्राझीलच्या बंदरात एका बोकडाने खाल्ली, एकदा म्हणे काकींनी लग्नातच उपटून ठेवली, पळून जाऊ नये म्हणून. दुसरी गोष्ट म्हणजे रविवारचा फोन. दर रविवारी सकाळी ते अंगणात उभे राहून आरोंद्याच्या कुणा मित्राशी बोलायचे, आणि असे ओरडून की पलीकडच्या माणसाच्या घरी काल कुठला मासा होता हे आम्हा सगळ्यांना कळायचं. आमच्याकडे रेंजचा आनंदच, त्यामुळे आम्हाला त्यात नवल वाटलं नाही.

काकींचे गुडघे पावसाळ्यात धरायचे. घाटाच्या पायथ्याचा पाऊस म्हणजे काय हे इथे राहिल्याशिवाय समजायचं नाही. भिंती ओल्या, गाद्या ओल्या, डब्यातलं मीठ ओलं. काकी सकाळी उठताना पलंगाची कड धरून बराच वेळ बसून राहायच्या. ते बघून काकांनी मागच्या पडवीत एक यंत्र जोडायला घेतलं.

"ह्यो बर्नर," त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा म्हणाले. मला दिसलं ते एक लोखंडी नळकांडं, त्याच्या पोटात ट्रकच्या ब्रेकचा जुना ड्रम, ड्रमच्या अंगाला चाळणीसारखी भोकं, आणि वर छपराबाहेर गेलेला पत्र्याचा धुरांडा. जरा उंचावर डिझेलची टाकी. तिच्यातून एक बारीक नळी खाली आलेली आणि तिला कॉक.

"म्हणजे यात डिझेल जळणार?"

"तेल कधी जळणा नाय गो. जळता ती वाफ." शिकवायला मिळालं की त्यांचा चेहरा उजळायचा. सलाईनसारखं तेल थोडं थोडं ड्रमच्या तळाशी येतं. तळ तापलेला असेल तर त्याची लगेच वाफ होते. ती वर चढते, वाटेत त्या भोकांतून हवा आत ओढली जाते, दोघांची गाठ पडते, आणि मग खरी आग. जुळलं तर ज्योत निळी, ना धूर ना काजळी. पण तळ थंड असताना तेल सोडलं तर नुसतं डबकं साठतं, आणि मग पिवळी, काळी, घाणेरडी आग. म्हणून आधी स्पिरिटात भिजवलेलं फडकं आत जाळून तळ तापवायचा, तेल नंतर. "आदी वाफ, मगे आग."

हे वाक्य ते कशालाही लावायचे. विलास, माझा नवरा, मुंबईची नोकरी सोडून इथे कोंबड्यांची शेड घालायला निघाला, तेव्हा काकांनी त्यालाही हेच सुनावलं. "वायच कळ काढ. आदी थोडी पिल्लां घे, शीक. आदी वाफ, मगे आग." विलासने कळ काढली नाही. पहिली खेप थंडीने गेली. दिवसभर मेलेली पिल्लं उचलून खड्ड्यात पुरत होतो आम्ही. काकांनी त्या दिवशी ते वाक्य उच्चारलं नाही. फावडं घेऊन आले आणि खड्डा बुजवायला लागले.

बर्नरचे पहिले प्रयोग मात्र फार गमतीचे झाले. पहिल्याच दिवशी धुरांड्यातून असा काळा लोट निघाला की दोरीवरची काकींची धुतलेली पातळं ठिपक्याठिपक्यांची झाली. काकी गडग्याशी येऊन मला म्हणाल्या, "बघ गो, जन्मभर जहाज काळां केल्यानी, आता माका काळी करतत." काका कॉक एक केसभर फिरवत होते, उलटा हात धरत होते, पुन्हा फिरवत होते. श्रावण येईपर्यंत मात्र त्या पडवीत अशी ऊब असायची की काकी दुपारी तिथेच तांदूळ निवडायच्या. तरी "त्या भुताकडे" बघायच्या नाहीत. पाठ करून बसायच्या. ऊब घ्यायची आणि नावं ठेवायची, असा त्यांचा करार होता.

पुढच्या पावसाळ्यात आमची दुसरी खेप आली. हजारभर पिल्लं, एका दिवसाची, मुठीत मावतील एवढी. त्यांना पहिले काही दिवस आईच्या पंखाखालची ऊब लागते, आणि आई म्हणजे आम्ही लावलेले मोठे बल्ब. पिल्लं आली आणि दुसऱ्याच दिवशी वादळ झालं. खांब आडवे, तारा रस्त्यावर. वीज कधी येईल हे कोणी सांगेना. जनरेटर मागावा तर सगळा तालुकाच मागत होता. गॅसवरची एक शेगडी होती, तिचा सिलिंडर सकाळी संपला. नवीन आणायला गेलेली गाडी पडलेल्या झाडांमागे अडकून होती. कोळसा भिजलेला. शेडमध्ये पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून बसली होती आणि एकसारखी चिरकत होती. तो आवाज ऐकलेल्या माणसाला पुन्हा ऐकावासा वाटत नाही. विलास कोपऱ्यात नुसता उभा होता.

गडग्यावरून काकांची हाक आली. "विलास, ये रे हय! एकट्यान उचलणा नाय माका."

बर्नर त्यांनी आधीच सोडवून ठेवला होता. काकी दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकी, तुमचे गुडघे?"

"माज्या गुडघ्यांका पातळ तरी आसा, पिल्लांका अजून पिसांय नाय," त्या म्हणाल्या. "घेवन जावा तां भूत."

दुपारपर्यंत बर्नर शेडच्या मधोमध उभा राहिला. धुरांडा खिडकीतून बाहेर काढला, भोवती जाळी लावली, डिझेल विलासच्या पाण्याच्या पंपाचं. काकांनी फडकं जाळून तळ तापवला, हात धरून बघितला, मग कॉक उघडला. ज्योत आधी पिवळी फडफडली, मग आत ओढल्यासारखी झाली आणि निळी होऊन स्थिर झाली. थोड्याच वेळात पिल्लांचा ढीग कडेने सुटायला लागला. विलासने माझा हात धरला.

आणि तेवढ्यात वाऱ्याचा एक लोट धुरांड्यातून उलटा आत शिरला. भप्प आवाज झाला. ज्योत गेली.

ड्रममधून पांढरी वाफ वर यायला लागली. डोळ्यांना झोंबणारी, डिझेलच्या वासाची. विलासच्या हातात काडेपेटी होतीच. त्याने काडी काढली.

काकांचा चढलेला आवाज आम्ही फोन सोडून कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "टाक ती!" त्यांनी विलासचं मनगट असं पकडलं की काडेपेटी खाली पसरलेल्या भाताच्या तुसात पडली. दुसऱ्या हाताने कॉक बंद केला. "भायर! दोघंय भायर! खिडक्यो उघडा!"

"काकानू, पिल्लां मरतली!" विलास जवळजवळ रडत होता. "एक काडी फक्त. तळ तर तापलेलोच आसा!"

"तापलेलो आसा म्हणूनच. ही सगळी वाफ आता एकदम पेटतली. ड्रम थंड होयसर काडी ओढूची नाय."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत पिल्लां मरतीत. तू मरू नको."

उघड्या खिडक्यांतून गार वारा आत आला आणि ढीग पुन्हा जमायला लागला. विलास काकांकडे असा बघत होता की मला भीती वाटली. मी मात्र बाहेर पडले आणि आमच्या चुलीकडे धावले. चूल पेटती होती. काकी गुडघ्यावर हात ठेवत, गडग्याला वळसा घालून येतच होत्या. आम्ही आंब्याच्या पेट्या, टोपल्या, सुपं, जे हाताला लागेल ते घेतलं. विलास आणि काका पिल्लं भरून दारापर्यंत आणायचे, मी ती आत न्यायची, काकी चुलीभोवती मांडायच्या. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. परातीत पिल्लं, पाटावर पिल्लं, काकींच्या ओच्यात पिल्लं. काकी एकेकाला दटावत होत्या, "गप रव. तुजी आवस म्हणजे मीच आता."

सगळी नेणं शक्य नव्हतं. उरलेल्यांवर आम्ही गोणपाट घातले आणि वाट बघत राहिलो. काका धुरांड्यावर चढवायला तेलाच्या डब्याची टोपी कापत होते, वारा आत घुसू नये म्हणून. कापता कापता, मान वर न करता, विलासला म्हणाले, "आरोंद्याच्या माज्या मित्राशी मी ओरडान कित्या बोलतंय, म्हायत आसा?"

विलास पिल्लांवरचे गोणपाट सारखे करत राहिला.

"आमच्या बॉयलराची आग अशीच गेली. तेका घाई. माका म्हणालो, तळ तापलेलोच आसा." त्यांनी पत्र्याची कड हातोडीने वाकवली. "माजी अर्धी भुवई गेली. तेचे दोन्ही कान. जीव रवलो, ह्यां देवाचां देणां. रविवारी तेचो आवाज ऐकलंय काय माका आठवडो बरो जाता."

विलास खाली बसला. मग हळूच त्याने डब्याची दुसरी बाजू धरली.

ड्रमवर शिंपडलेलं पाणी चरचरणं थांबलं, तेव्हा काकांनी तळाशी साचलेलं तेल फडक्याने टिपून घेतलं, धुरांड्यावर टोपी बसवली आणि सगळं पहिल्यापासून केलं. स्पिरिटचं फडकं. हात. पुन्हा हात. मग कॉक. बाहेर वारा तसाच होता, पण ज्योत निळी झाली आणि निळीच राहिली.

काही पिल्लं गेली. नाही गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण ओंजळीत मावतील एवढीच. बाकीची संध्याकाळच्या आत स्वयंपाकघरातून शेडमध्ये परत गेली. वीज यायला पुढे पुष्कळ दिवस लागले, आणि तेवढे दिवस तो बर्नर अखंड जळला.

आता काका-काकी इथे नाहीत. त्यांची मुलगी नाशिकला असते, तिने दोघांना नेलं. तिकडची हवा कोरडी, दोघांनाही मानवते. त्यांचं घर बंद आहे. गडग्यापलीकडे अंगणात रविवारी कोणी ओरडत नाही, आणि वाडीला आरोंद्याची मासळी कळत नाही. विलास आता शेडमध्ये नवीन आलेल्या माणसाला बर्नर शिकवतो तेव्हा चेहरा फार गंभीर करतो. मला हसू येतं.

पण त्यांची आठवण निघाली की मला वादळानंतरची ती सकाळ दिसते. आम्ही दोघं घरात पेज घेत बसलो होतो. काका पहाटेपासून शेडमध्ये होते. एकाएकी माझ्या लक्षात आलं की शेडमधून काहीच आवाज येत नाही. एकही पिल्लू चिरकत नव्हतं. विलासने माझ्याकडे बघितलं, पेजेची वाटी तशीच ठेवली, आणि आम्ही चिखलातून धावत सुटलो.

दार ढकललं. पिल्लं शेडभर पसरली होती, तुसावर पिवळे ठिपके शिंपडल्यासारखी, एकमेकांपासून सुटी, पाय पसरून गाढ झोपलेली. भिंतीला टेकून काका झोपले होते, तोंड किंचित उघडं. आणि बर्नरसमोर, स्टुलावर, पदर खोचून काकी बसल्या होत्या. एक हात कॉकवर आणि डोळे निळ्या ज्योतीवर.

आमची चाहूल लागली तशी त्यांनी मान न वळवताच ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या कुजबुजल्या. "झोपूक देत त्यांका. मी बघतंय."