खचण्याआधीची गोळी

नाशिक रोडला एका टेम्पोने माझ्या स्कूटीला धडक दिली, तेव्हा माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं. मांडीत सळई घातली, कंबरेच्या हाडाला प्लेट बसवली. हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. शहाळं ठेवायचं, पलंगाशी उभं राहायचं आणि मी कधी रडते याची वाट बघायची. मी रडले नाही. चार माणसांत मला शिंकायचाही संकोच वाटतो.

मला गोळी सुरू झाली ती याच कारणाने. हाडांच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी माझी शाळा विचारली, ती इंग्रजी माध्यमाची निघाली, मग झोप, भूक सगळं इंग्रजीतच विचारलं. खरं काय ते त्यांनी दाराशी जाऊन बाबांना मराठीत सांगितलं. "मुलगी फारच गप्प आहे. एवढ्या माराने पुढे मन खचतं. खचायच्या आधीच गोळी दिलेली बरी." मला मराठी कळत नसल्यासारखं. मी लहानपणापासून अशीच आहे, एवढं बाबा सांगू शकले असते. त्यांनी नुसती मान डोलावली.

घरी आल्यावर आईने पाकिटातल्या गोळ्या एकेक करून सोडवल्या आणि कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरल्या. पाकीट फाडून टाकलं.

"कुणी नाव वाचलं म्हणजे? अजून तुझं लग्न व्हायचंय."

लंगडणारी सून एक वेळ खपेल, पण ही गोळी खाणारी नाही, असं तिचं गणित. माझं तोंड दिवसभर कोरडं पडायचं, दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड असायची. ते तिच्या गणितात नव्हतं.

मग सायखेड्याहून आत्या आली. पिशवीभर वांगी ओट्यावर ठेवून माझ्या उशाशी बसली आणि तिची नजर डबीवर गेली.

"वहिनी, ह्यातल्या दोन घेऊ का? गुडघे लय धरलेत."

"त्या तिच्यापुरत्याच दिल्यात हो," आई म्हणाली.

"पोरीच्या हाडाला चालतं, माझ्या नाय चालत? एवढी चिक्कू कधीपास्नं झाली तू?"

आत्याने गोळ्या तळहातावर ओतल्या. आईने आत्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. दोन गोळ्यांनी कुणी मरत नाही, तू गप्प राहा, असं ते पाहणं होतं.

"आत्या, ठेव त्या. कॅल्शियमच्या नाहीत. डोकं बिघडू नये म्हणून दिल्यात."

"कुणाचं?"

"माझं."

"बिघडलंय?"

"अजून नाही."

आत्याने गोळ्या डबीत टाकल्या आणि हात पदराला पुसला, पुसतच राहिली. "मंग रड की गं बाई एकदाची! गोळ्या कशाला गिळती?"

ती गेल्यावर आई माझ्यावर ओरडली. आता अख्ख्या सायखेड्यात बोभाटा होणार, म्हणाली. गोळीचं नाव काय होतं, असं मी विचारलं. तिला आठवत नव्हतं.

पुढच्या तपासणीला मी मनाच्या डॉक्टरांना मराठीत विचारलं, "ही गोळी घेतली नाही तर काय होईल?"

त्यांनी बाबांकडे पाहिलं.

"मला सांगा," मी म्हणाले.

"कदाचित काहीच नाही. कदाचित त्रास होईलही. आधी दिल्याने तो टळतोच, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही."

"मग मला का नाही विचारलं?"

"तुम्ही घाबरला असता."

"मी टेम्पोखाली आले होते."

ते हसले नाहीत, रागावले. एकदम बंद करायची नाही, डोस कमी करत आणायचा, मध्ये काही वाटलं तर यायचं, असं भराभर बोलत त्यांनी चिठ्ठी लिहिली. बाबांनी सवयीने हात पुढे केला. मी कुबडी टेबलाला टेकवली आणि चिठ्ठी घेतली. गोळीचं नाव तिथेच, त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचलं.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "डॉक्टरांशी असं बोलतात?"

"बोलतात," मी म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.