अकरा जणांची अध्यक्ष

डब्लिनच्या डिसेंबरात दुपारी चारलाच सूर्य मावळतो. संध्याकाळ अशी येतच नाही. राखाडी उजेड हळूहळू ओलसर होत जातो, समोरच्या घरांच्या विटा काळवंडतात, आणि चहाचा कप ठेवायला वळून पुन्हा खिडकीकडे पाहावं, तर काचेत रस्त्याऐवजी आपलाच चेहरा! शुक्रवारी त्याच सुमारास शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस लागतो. दोन हजार वीसच्या त्या हिवाळ्यात ब्युमॉन्टमधल्या माझ्या चिंचोळ्या खोलीत मी दोन मेणबत्त्या लावायची, आणि लावण्याआधी पडदा ओढून घ्यायची. प्रार्थनेचा दिवा लावावा आणि त्याचा उजेड कुणाच्या दृष्टीस पडू नये असंही मनात यावं, ही कसली प्रार्थना?

मी अलिबागची. आमचे पूर्वज तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आम्ही स्वतःला बेने इस्रायल म्हणवतो, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आमच्या आळीत ज्यू म्हणून भीती मला कधी भेटली नव्हती. शेजारच्या काकू होळीला पुरणपोळ्या पाठवत, आई त्यांना मलिद्याचे गोड पोहे पाठवी. ज्यू असणं म्हणजे शनिवारच्या क्लासला दांडी मारण्याचं हक्काचं निमित्त, इतकंच! त्याच नावाने माणसाच्या छातीत धडकी भरू शकते, हे कळायला मला उच्च शिक्षणासाठी समुद्र ओलांडावा लागला.

विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं. नाव भारदस्त, सभासद अकरा. टाळेबंदीमुळे शुक्रवारच्या सभा लॅपटॉपवरच होत. अध्यक्ष हॅना वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होती; वॉटरफोर्डच्या रुग्णालयात प्रशिक्षणाला जायची वेळ आली तेव्हा तिने मला फोन केला.

“आता तू हो अध्यक्ष.”

“मीच का?”

“खरं सांगू? बाकी कुणी नाव द्यायला तयार नाही. आणि तुझ्याकडे पाहून कुणाला संशयही येणार नाही.”

त्या वाक्यातली सोय मला आवडली, आणि आवडली याची लाज पुढे कित्येक दिवस पुरली. बसमध्ये, दुकानात सगळे मला हिंदूच समजत, आणि मी तो गैरसमज पांघरुणासारखा अंगावर ओढून घेत असे. अलिबागहून पप्पा म्हणाले, “मंडळ चालव, पण नाव कशाला पुढे करतेस?” मी हसण्यावारी नेलं. मंडळाच्या पानावर फोटो टाकला, पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली उत्साहाने एक ओळ: ‘अलिबागची, सध्या मुक्काम ब्युमॉन्ट.’

मे महिन्यात दूर इस्रायलच्या सीमेवर पुन्हा युद्ध पेटलं. तिथली मृत लेकरं पाहून माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. निषेध करणाऱ्यांत माझे वर्गमित्र होते, आणि त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण त्या दुःखाच्या आडोशाने दुसरंही काही चालत आलं, जुनं आणि दुर्गंधीयुक्त. मंडळाच्या संदेशपेटीत ज्यूंना शिव्या देणारे निनावी संदेश येऊ लागले. मी ते वाचायची, पुसून टाकायची, आणि कुणालाच सांगायची नाही. जणू पुसलं की ते नाहीसंच होतं!

त्या शुक्रवारी सहाला सभा होती. बाहेर लख्ख ऊन, सूर्यास्ताला अजून तीन तास. आत येऊ पाहणाऱ्यांच्या यादीत पाच-सहा अनोळखी नावं दिसली. नवे विद्यार्थी असतील असं वाटून मी आनंदाने त्यांना आत घेतलं. प्रार्थनेची पहिली ओळ संपायच्या आत किंकाळ्या सुरू झाल्या. पडद्यावर छळछावण्यांची चित्रं आली, हसणं आलं, आणि मग एका शांत, जवळजवळ सभ्य आवाजाने माझं पूर्ण नाव उच्चारलं. तो म्हणाला, “ब्युमॉन्ट ना? पत्ता शोधायला कितीसा वेळ लागतो?”

मी लॅपटॉप धाडकन मिटला. शेजारच्या खोलीतून मृणाल धावत आली. ती नागपूरची, सॉफ्टवेअर कंपनीत. आम्ही दोघी मिळून ते घर भाड्याने घेतलं होतं. मी तुटक तुटक सांगितलं. तिने मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “अगं, पण बाकीचे? ते अजून आतच आहेत ना?”

सभेचं दार माझ्या हाती होतं. त्या लोकांना हाकलण्याची किल्लीही माझ्याचपाशी होती, आणि मी एकटी बाहेर पळाले होते! मृणालने लॅपटॉप उघडून सभा बंद केली, तोवर सहा मिनिटं उलटली होती.

एकेकाला फोन केला. बहुतेक जण लगेच बाहेर पडले होते. राहिली होती फक्त नोआ, पहिल्या वर्षाची, ड्रोहेडाला आईवडिलांच्या घरी अडकलेली. सहाही मिनिटं ती ते सारं पाहत, ऐकत बसली होती.

“तू का नाही गं निघालीस?” मी विचारलं.

“मला वाटलं, तू परत येशील.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर किती बरं झालं असतं!

दुसऱ्या दिवशी एक गार्डा, म्हणजे इथला पोलीस, घरी आला. भला माणूस. सगळं टिपून घेतलं आणि जाताना म्हणाला, “यू विल बी ग्रँड.” इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, नुसतं ठीक. पण मी ठीक नव्हते. दाराशी पार्सलवाला आला तरी जिन्यात थबकायची. पाठीमागची पावलं माझ्या चालीशी जुळताहेत का, ते मोजायची. मास्कचा सगळ्यांना कंटाळा आला होता; मला मात्र तो काढायला सांगतील याची धास्ती. हल्लेखोर सापडले नाहीत. भीतीला चेहरा असता तर तिच्याकडे पाठ तरी फिरवता आली असती; बिनचेहऱ्याची भीती दिसेल त्या चेहऱ्यावर जाऊन बसते, आणि निरपराध माणसांनाही आपण मनातल्या मनात आरोपी करून टाकतो.

अध्यक्षपद सोडते, असं पत्र मी तीनदा लिहिलं. तीनदा नोआचं ते वाक्य आडवं आलं.

ऑक्टोबरात विद्यापीठाने प्रत्यक्ष सभांना परवानगी दिली. आम्ही दुसऱ्या मजल्यावरची एक खोली घेतली. दारावर पाटी लावायची नाही, जागा फक्त फोनवरून कळवायची, असं ठरलं. मी पोहे भिजवून गूळ, खोबरं, केळी घालून मलिदा केला. सात जण आले, नोआही आली. तिला प्रत्यक्ष मी प्रथमच पाहत होते. ती दाराजवळची खुर्ची निवडून बसली, आणि तिने तीच का निवडली हे मला विचारावं लागलं नाही.

प्रार्थना सुरू होणार इतक्यात दारावर थाप पडली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. दार चार पावलांवर होतं. दार उघडलं. एक उंच, अनोळखी माणूस, हातात वही.

“मी इमारतीचा रखवालदार. कोणती सभा आहे? कोविडच्या नोंदीत लिहायचंय. वही खाली दाराशी असते.”

म्हणजे येणारा-जाणारा कुणीही ते वाचणार. वाचन मंडळ म्हणावं? मराठी मंडळ? माझ्या रंगरूपावर ते सहज खपलं असतं. पाठीवर नोआची नजर जाणवत होती.

“ज्यू विद्यार्थी मंडळ,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्याने पुन्हा विचारलं. मग मला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने सांगावं लागलं.

“ग्रँड,” तो म्हणाला, लिहून घेतलं, आणि गेला.

भीती गेली, असं मी म्हणणार नाही. ती प्रार्थनाभर तिथेच होती, मलिदा वाटतानाही होती. धैर्य म्हणजे भीतीचा अभाव, असं मी लहानपणी निबंधात लिहीत असे. आता तसं लिहिणार नाही. मला इतकंच ठाऊक आहे, की सभा संपल्यावर एकेक जण कोट चढवून जिना उतरला, नोआ आपल्या बसला निघाली, आणि शेवटच्या माणसाची पावलं विरेपर्यंत मी त्या दारात उभी होते.