म्हणजे मॅडमचा नियम

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना पोरं पाठीमागे 'म्हणजे मॅडम' म्हणत. हे नाव शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नसणार. बाई उठता-बसता 'म्हणजे काय?' विचारत, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. तिसऱ्या वर्षातला चांगला मिसरूड फुटलेला मुलगा समोर येऊन सांगे, "मॅडम, ह्याच्यातून ते येत नाहीये ना, म्हणून ते हे होतंय." यावर माणसानं दुसरं काय विचारायचं? आणि विचारलं, तर पोरगा बोटानं दाखवून म्हणे, "हे हो, हे!"

घरी तरी जिवाला थारा असावा, तर तेही नाही. नवरा "ते तिथं ठेवलंय" एवढं बोलून अंघोळीला जाई आणि दार लावून घेई. सासूबाई फोन करून "अगं, त्यांच्याकडचे ते गेले" असं सांगत आणि ठेवून देत. कोण गेले, आणि गेले ते परगावी की कायमचे, हे कळेपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागे. एकदा तर त्या रडायच्या तयारीनं गेल्या, आणि गेलेले गृहस्थ सहलीहून परतून दारातच उभे होते.

या सगळ्या वैतागातून बाईंचा नियम जन्माला आला. तीन मुलांचा एक गट, गटाचं एक यंत्र, अशी प्रकल्पाची जुनी रीत होती. प्रत्यक्षात एकच पोर राबे आणि बाकीचे दोघे आयत्या बिळावर नागोबा होऊन बसत. बाईंनी वर्षानुवर्षं या नागोबांच्या पुस्तिकांवर सह्या केल्या होत्या. शेवटी त्यांनी फर्मान काढलं: तोंडी परीक्षेत कुणीही स्वतःचा भाग सांगायचा नाही. सोबत्यानं काय केलं ते सांगायचं. आणि गुण तिघांना सारखेच.

पोरांनी आकांत केला. त्यांच्या मागोमाग पालक आले. बाई बधल्या नाहीत. उभ्या नोकरीत एवढं एकच काम आपल्या मनासारखं झालं, असं त्यांना वाटे. पण या वर्षाच्या सुरुवातीला विभागप्रमुखांनी त्यांना बोलावलं. सर अगदीच अबोल माणूस.

"मॅडम, याही परीक्षेला रडारड झाली, तर नियम बंद. ज्याचं काम त्याला गुण."

"सर, पण याच्यामागचा विचार—"

"बघू," सर म्हणाले आणि फायलीत डोकं घातलं.

बाई तणतणत बाहेर आल्या. 'बघू' म्हणणारा माणूस आजवर कधी काही बघताना त्यांनी पाहिला नव्हता.

यंदा त्यांना धास्ती होती ती एकाच गटाची. त्यात एक मुलगी, तिला सगळे 'तोफ' म्हणत. हुशार, पण दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ. सोबत लांब्या आणि चष्म्या. औषधांच्या फ्रिजचं दार उघडं राहिलं की भोंगा वाजवणारं यंत्र त्यांना करायचं होतं. परीक्षेच्या आदल्या दुपारी लांब्या आणि चष्म्या टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून तारा जोडत होते. चष्म्या म्हणाला, "लाल तार डावीकडे." लांब्यानं इमानदारीत डावीकडे जोडली. बटण दाबलं, फुस्स झालं, आणि खोलीभर जळका वास सुटला.

बाई धावत आल्या. "कुणाची डावी?"

"डावी म्हणजे डावी, मॅडम!" दोघांनी आपापले डावे हात वर केले. एकाचा खिडकीकडे, एकाचा दाराकडे.

बाईंनी कपाळावर हात मारला.

"मी सांगितलं होतं यांना," तोफ म्हणाली.

"काय सांगितलं होतंस?"

"नीट जोडा म्हणून."

"नीट म्हणजे काय गं बाई? त्या तारेला कळतं का नीट? उठा रे दोघं! तू त्याच्या खुर्चीवर बस, तो तुझ्या बसेल. आता सांगा, कुणाची डावी कुठं आहे ती!"

खुर्च्या बदलल्यावर दोघांनी पुन्हा आपापले डावे हात वर करून पाहिले. मग लांब्या हळूच म्हणाला, "इथून बघितलं तर याचं बरोबर होतं, मॅडम." बाईंना वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

कुठलं काय! दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला खरा, पण दार लावल्यावरही थांबेना. कारखान्यातून आलेले परीक्षक कानावर हात ठेवून प्रश्न विचारत होते. दोन्ही पोरांनी एकमेकांच्या तारा झकास सांगितल्या. मग लांब्याला तोफेनं भोंग्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमबद्दल विचारलं, आणि तिथं गाडी रुतली. "ती आम्हाला सांगायचीच नाही, सर. म्हणायची, तुम्हाला नाही कळणार." तिघेही काठावर पास झाले. आजवर कायम पहिली आलेली तोफ व्हरांड्यात मोठ्यानं रडली, आणि तिचं रडणं थेट विभागप्रमुखांच्या खोलीपर्यंत गेलं.

बाईंना बोलावणं आलं. परीक्षक तिथंच कागदांवर सह्या करत बसले होते. बाईंनी आत शिरताच तोफखाना उघडला. नियम कसा चांगला, पोरं कशी आळशी, सगळं बोलून झालं. सर म्हणाले, "झालं? नियम बंद, मॅडम."

"तुम्ही माझं कधी ऐकूनच घेतलं नाहीत!"

परीक्षक मान वर न करता म्हणाले, "नियम तुमचाच ना, मॅडम? मग होऊन जाऊ दे. सरांनी तुमची बाजू सांगायची, तुम्ही सरांची."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक मूल राबतं आणि बाकीचे नाव लावतात. जे राबतं तेही वाया जातं. आपल्यावाचून जगाचं अडतं असं त्याला वाटायला लागतं, आणि पुढं नोकरीत त्याचं कुणाशी पटत नाही. मॅडमना ते इथंच मोडायचंय. त्यासाठी त्या एकट्या सगळ्यांच्या शिव्या खातात. मी कधी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो नाही."

इतकं नेमकं तर बाईंनाही कधी सांगता आलं नव्हतं.

"आता तुम्ही," परीक्षक म्हणाले.

"सरांना... कटकट नको असते."

"पुढं?"

"पालक भांडायला येतात."

"पुढं?"

पुढं काही नव्हतं. याच माणसाच्या हाताखाली त्यांची निम्मी नोकरी झाली होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गेल्या वर्षी एक मुलगा दोघा सोबत्यांपायी नापास झाला," सर म्हणाले. "चांगला मुलगा होता. त्यानं कॉलेज सोडलं. वडील आले होते त्याचे, भांडले नाहीत. त्या खुर्चीत नुसते बसून राहिले."

"मला का नाही सांगितलंत, सर?"

"मला बोलता येत नाही, मॅडम. मी आपला बघू म्हणतो."

परीक्षक सही करायचे थांबले.

"काय करतो तो आता?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. नंबर आहे. किती वेळा फोन हातात घेतला."

"द्या इकडे. मी लावते."

बाईंनी उभ्या उभ्याच नंबर फिरवला. पलीकडं यंत्रांचा खडखडाट ऐकू आला, मग एक तरुण आवाज. बाईंनी आपलं नाव सांगितलं. खडखडाट दूर गेला. तो बहुतेक बाहेर येऊन उभा राहिला असावा.

"हां, बोला मॅडम," तो म्हणाला. "ऐकतोय."

"अरे, ते... गेल्या वर्षी ते हे झालं ना..." बाई म्हणाल्या.