आक्का, हरणं आणि घाटाखालचं गरम पाणी

जानेवारीत भाच्याचा, विकासचा, फोन आला. "मावशी, आईला तीन दिवस कुठंतरी फिरवून आण. डोंगर चढव, पायऱ्या उतरव. आणि परत आल्यावर मला खरं काय ते सांग."

विकासची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. वय एकाहत्तर. कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी तिचा दोन एकर ऊस आहे. भावजी फौजेत होते, त्यामुळे ऐन तरुणपणापासून शेताला पाणी तिनंच पाजलं. ते गेल्यावरही तीच पाजते. गेल्या पावसाळ्यात बांधावरून घसरली, पाय मोडला, दोन महिने प्लास्टर होतं. विकास शिरवळच्या एका कारखान्यात आहे. त्याचं म्हणणं, रान वाट्यानं द्यायचं आणि आईनं शिरवळच्या फ्लॅटवर राहायला यायचं. आक्काचं म्हणणं, पाय बरा झालाय. ऊस नुकताच तुटून गेला होता. तुटलेल्या बुडख्यांना पुन्हा फुटणाऱ्या उसाला, म्हणजे खोडव्याला, पाणी कोण देणार हे ठरवायला आठवडाच उरला होता. शेवटी मायलेकांचं एका गोष्टीवर एकमत झालं: माली म्हणेल ते.

माली म्हणजे मी. आमच्या घराण्यात मी खरं बोलते अशी ख्याती आहे. पाठीमागे त्यालाच फटकळ म्हणतात. तेहतीस वर्षं गणित शिकवलं, कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नाही.

सातारा-सांगलीला देवानं डोंगर दिले, धरणं दिली, अभयारण्यं दिली. गरम पाण्याचे झरे मात्र घाटाखाली कोकणात ठेवले. त्यामुळे बेत असा केला: पहिल्या दिवशी सागरेश्वर, मुक्काम कोयनानगर, दुसऱ्या दिवशी धरणाचा परिसर आणि कुंभार्ली घाट, मुक्काम चिपळूण, तिसऱ्या दिवशी गरम पाण्याचं कुंड आणि परत. गाडी मी चालवते. सामानाची यादी आधीच पाठवली होती: टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या, टॉवेल आणि रबरी तळाच्या चपला. "कुंडावर शेवाळ असतं. चपला विसरायच्या नाहीत," असं फोनवर दोनदा बजावलं होतं.

साताऱ्याहून पहाटे साडेपाचला निघाले. महामार्गाचं रुंदीकरण चालू आहे, जागोजागी रस्ता वळवलाय, तेव्हा हातात अर्धा तास जास्त ठेवा. आक्का दारात तयार होती. पिशवीत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा आणि खुरपं.

"खुरपं कशाला?"

"असू दे. भाईर जाताना मोकळ्या हातानं जाऊ न्हाई."

कऱ्हाडहून सागरेश्वर तासाभराचा रस्ता. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकलात तर दीड तास. हे अभयारण्य म्हणजे माणसांनी झाडं लावून उभं केलेलं जंगल आहे. पूर्वी इथं उघडे डोंगर होते. तिकीट फाटकावरच मिळतं आणि अगदी किरकोळ असतं. उन्हं चढायच्या आत जा, नाहीतर हरणं सावलीला जातात. आम्हाला आत शिरताच चितळांचा कळप दिसला. मी दुर्बीण काढली. आक्का कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे असं बघत होती, जणू उधारी बुडवणारे पाहुणे भेटले.

तिनं पहारेकऱ्याला गाठलं. "आवं दादा, हीच का ती, कुंपण वलांडून रानात येत्यात ती?"

"आजी, आमची हरणं लय शिस्तीची हायती."

"व्हय तर. माझ्या भावजयीचा हरभरा शिस्तीतच खाल्ला. एक सरी ठेवली न्हाई."

पहारेकरी हसत हसत पुढं गेला. आम्ही वरच्या टोकाकडे चढायला लागलो. चढ सोपा आहे, पण वाटेत सुटी खडी आहे. आक्का तीनदा थांबली. मी मनात नोंद केली. चौथ्यांदा ती थांबली ती माझ्याकडे वळून.

"काय मोजतीयास गं?"

"काही नाही."

"खोटं बोलाय लागलीस व्हय ह्या वयात?"

वर पोचलो. खाली कृष्णेचं खोरं पसरलेलं. हिरवा ऊस, मध्येच तुटून गेलेली पिवळी रानं, आणि नदी. आक्का कपाळावर हात धरून बराच वेळ उत्तरेकडे बघत होती. आपलं रान शोधत होती. इथून दिसणं शक्य नाही हे मी तिला सांगितलं. "ठावं हाय," ती म्हणाली आणि बघतच राहिली.

उतरताना खडीवर तिनं सरळ बसकण मारली आणि लुगडं सावरत बसूनच खाली आली. मी नोंद केली: उतार बसून.

संध्याकाळी पाटणमार्गे कोयनानगरला पोचलो. रस्ता वळणावळणाचा आहे, अंधाराच्या आत पोचा. साधं लॉज, दोघींना बाराशे रुपये, गरम पाणी सकाळी बादलीनं. मालकीणबाई भली होती. किल्ली देताना म्हणाली, "रात्री भांडी वाजली तर घाबरू नका. इथली जमीन जरा कूस बदलते." नाही वाजली. सकाळी अंथरुणातून उठताना आक्काच तेवढी "आई गं" म्हणाली. तीही नोंद झाली.

धरणासमोरचं उद्यान सकाळी बघावं. सगळीकडे धुकं, समोर भिंत, पाठीमागे जंगल. तिथून ओझर्ड्याच्या धबधब्याकडे गेलो. हिवाळ्यात पाण्याची धार बारीक असते, पण गर्दी नसते. मला हा सौदा पसंत आहे. पायऱ्या आक्का एका दमात चढली. धापा टाकत होती आणि धापा टाकत नाही असं दाखवत होती. खाली टपरीवर कांदाभजी खाल्ली. ती उत्तम होती, चहा पाणचट होता. दोन्ही मी टपरीवाल्याला सांगितलं.

कुंभार्ली घाटात प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवा आणि माकडांना खायला देऊ नका. समोरच्या गाडीतल्या लोकांनी दिलं, तर एका माकडानं त्यांचा मोबाइलच पळवला. आक्का इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. घाट उतरला की हवा दमट होते, स्वेटर काढावे लागतात. चिपळूणला रात्री आंबोळ्या खाल्ल्या. अंथरुणावर पडल्या पडल्या आक्कानं एकदाच विचारलं, "काय सांगणार हायेस विकासला?"

"जे बघेन ते."

"मंग नीट बघ," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिसऱ्या दिवशी महामार्गानं संगमेश्वरच्या दिशेला निघालो. त्या पट्ट्यात गरम पाण्याची दोन-तीन ठिकाणं आहेत. आम्ही त्यातल्या लहानशा ठिकाणी गेलो. बायकांचं आणि पुरुषांचं कुंड वेगळं, वर आडोशाच्या भिंती, हवेत गंधकाचा वास. शेजारी देऊळ असल्यानं चपला बाहेर काढाव्या लागतात. यादी करताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पुरुषांच्या कुंडातून वाफा निघत होत्या. बायकांचं पाणी जेमतेम कोमट. चार-पाच बायका काठावर खोळंबल्या होत्या. "आठ दिस झाले, असंच हाय," एक म्हणाली. "पानी कुटं जातंय कोन जाने."

आक्कानं कुंडात बघितलंच नाही. झरा जिथून येतो तिथपासून ती दगडी पाटाच्या कडेनं वाकून चालत गेली, आणि थांबली. "पाणी मागंच तुंबलंय."

पाटाच्या वाटेवर पालापाचोळा, साबणाची कागदं आणि कुणाचा तरी एक मोजा साठला होता. पाणी तिथून फुटून बाजूच्या गटारात चाललं होतं. देवळातल्या गुरवाला तिनं विचारलं, "काढू का?" त्यानं आनंदानं मान हलवली. मग आक्कानं पदर खोचला, पिशवीतून खुरपं काढलं आणि उकिडवी बसली.

ज्यांनी कधी उसाला पाणी पाजलेलं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. याला दारं धरणं म्हणतात. एका सरीत पाणी भरलं की चिखलानं तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं मोडायचं. पाणी थांबत नसतं, त्यामुळे माणसालाही थांबता येत नाही. आक्कानं कचरा ओढून काढला, फुटलेल्या जागी चपटा दगड लावला, ओल्या मातीनं लिंपला, वर टाच मारली. पाण्याचे चटके बसत होते तशी हात झटकत होती. मी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं ती उकिडवी होती. उठताना कशाचाही आधार घेतला नाही.

पाणी वळलं. आधी गढूळ आलं, मग वाफाळत. बायकांनी एकच गिल्ला केला. आक्का सगळ्यांच्या आधी कुंडात उतरली आणि गळ्याएवढ्या पाण्यात डोळे मिटून बसली. "माले, ये गं! लय ब्येस हाय!"

मी काठावर गेले. शेवाळ असतं हे मला माहीत होतं. ते मी दोन वेळा बजावलेलंही होतं. तरी पाय सटकला, आणि मी चष्म्यासकट, घड्याळासकट, थेट आत.

नाकातोंडात गंधक गेलं. काठ कुठं आहे कळेना. तेवढ्यात दंडाला पकड बसली, अशी की आजही तिथं बोटं उमटलेली आहेत. "पाय टेकव. टेकव म्हंते न्हवं! कमरंएवढं तर पाणी हाय." तिनं मला उभं केलं, बसवलं, तळाशी चाचपून चष्मा शोधून दिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विकासला फोन लावा गं कुणीतरी. म्हणावं, मावशीला शिरवळला न्हे!"

बायका किती वेळ हसत होत्या ते मी मोजलं नाही.

संध्याकाळी गावी पोचलो तर विकास ओसरीवर बसलेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. चढावर तीन थांबे. उतार बसून. सकाळी उठताना पाय दुखतो. आक्काचा चेहरा उतरत गेला. मग पुढचं सांगितलं. वीस मिनिटं उकिडवी बसली, आधाराशिवाय उठली. आणि तीन दिवसांत एकच माणूस पडलं, ते मी. मला उचललं हिनं.

"म्हणजे मावशी, तुझं मत काय?"

"दिवसाचं पाणी तिचं. रात्रीचं नाही."

"आगं, मोटारीची लाइटच आठवड्यातनं चार रात्री येती!" आक्का उसळली.

"मग त्या रात्री शेजाऱ्याला सांग. नाहीतर शनिवारी विकास येईल."

विकासनं माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. खोडवा राहिला. रानही आक्काकडेच राहिलं.

विकासनं पहिल्याच शनिवारी दारं धरलं. पाणी त्याच्या हातून फुटलं ते शेजारच्या गव्हात. आक्कानं फोनवर हे मला तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी गहू थोडा जास्त भिजला.

माझं म्हणाल तर दंडावरचे डाग पिवळे पडत आलेत. न्हाणीघरात रबरी चटई आणून टाकलीय. साताऱ्याच्या घरात मी एकटीच असते, आणि हे आक्काच्या आता नीट लक्षात आलंय. रोज सकाळी सातला तिचा फोन येतो. रामराम नाही, काही नाही. "पडलीस का गं?"

"नाही," मी सांगते. गेल्या मंगळवारी मात्र "पडले" म्हणून सांगावं लागलं. शनिवारी ती एसटीनं येतेय, माझा जिना बघायला.