जागा धरून ठेवणारे पाहुणे

तेलाचे भाव चढत होते त्या वर्षी आमच्या बँकेनं सिंगापूरला अरब देशांतल्या खासगी उद्योगांवर परिसंवाद भरवला. तिकडून आलेल्या एका बड्या सरकारी अधिकाऱ्याला जेवायला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या कोटावरचा नावाचा बिल्ला कायम उलटा असायचा. कुणी काही सांगू लागलं की ते छातीवर हात ठेवून मान झुकवायचे, आणि ऐकायचे मात्र नाहीत.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, आम्ही बिर्याणी घेऊन जागा शोधू लागलो. बरीच टेबलं रिकामी होती, पण प्रत्येकावर टिश्यूचं एकेक पाकीट. ते बसायला गेले तसं मी अडवलं. म्हटलं, पाकीट ठेवलं की जागा धरली, असं इथं समजतात.

"आणि ते कुणी उचलत नाही?"

"नाही."

गृहस्थ एकदम खुलले. "मग आमचं खासगी क्षेत्र तुम्हाला समजावून सांगायला नको. सिमेंट, टेलिफोन, गाड्यांची एजन्सी, सगळ्या टेबलांवर कुठल्या ना कुठल्या मंत्र्याच्या जावयाचं पाकीट आहे. बाकीचे ताटं घेऊन उभे."

"पण इथं पाकीटवाला पाच मिनिटांत येऊन जेवतो," मी म्हणालो.

त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली.

दुपारचं सत्र खुल्या स्पर्धेवर होतं. हॉल इतका भरला की माणसं मागं भिंतीला टेकून उभी होती. पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर, टिश्यूचं पाकीट होतं. समारोपापर्यंत गृहस्थ काही उगवले नाहीत, आणि ते पाकीट उचलायला आमच्यातलं कुणी पुढं झालं नाही.