पुन्हा बघून दूध बदलत नाही

आमच्या वहिनीला डेअरीत कुणी नावाने हाक मारत नाही. समोर 'बाई' म्हणतात आणि पाठ वळली की 'नापासबाई'. तिला दोन्ही ठाऊक आहे, आणि दुसरं जास्त आवडतं असा मला नणंद म्हणून दाट संशय आहे.

दूध तपासणं हे तिचं काम. सकाळी डेअरीच्या ओट्यावर कॅनची रांग लागते. वहिनी झाकण उघडते, नाक जवळ नेते, मनात दोन आकडे मोजते आणि निकाल देते. नंतर ती लॅक्टोमीटर बुडवते, परीक्षानळी हलवते, वहीत आकडे लिहिते, पण ते सगळं कागदासाठी. फैसला नाकाने आधीच केलेला असतो. दूध खराब निघालं तर ती 'नापास' म्हणते आणि कॅनमध्ये चमचाभर निळा रंग ओतते, म्हणजे मालकाला ते पुढच्या गल्लीत कुणाच्या गळ्यात मारता येत नाही. या रंगाची एक छोटी बाटली तिच्या पर्समध्येही असते. बाकीच्या बायका कंगवा ठेवतात.

"बाई, एकदा परत बघा ना," असं प्रत्येकजण म्हणतो. अकरा वर्षं तिचं उत्तर एकच आहे: "पुन्हा बघून दूध बदलत नाही."

एकदा तिच्या सख्ख्या वडिलांचा कॅन आला. सगळ्या रांगेदेखत ते म्हणाले, "अगं, बापाचं दूध आहे. एकदा परत बघ ना." तिने तेच वाक्य ऐकवलं आणि निळा चमचा ओतला. त्यानंतर चार महिने त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. ओलांडला तेव्हाही चहा बिनदुधाचा मागितला. "दूध तुझं आहे, कसं असेल सांगता येत नाही," म्हणाले.

आमचा दादा म्हणजे अगदी गरीब गाय. लग्नाच्या वेळी एकदा पास झाला, त्यानंतर त्याला कुणी तपासलं नाही. लग्नानंतर सात वर्षांनी टिल्ली झाली. डेअरी घरापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे वहिनी तिसऱ्या महिन्यातच कामावर रुजू झाली. दर तीन तासांनी घरी येऊन पाजून जायची. शिलाईमशीन घरातच असल्यामुळे मधल्या वेळात टिल्ली माझ्याकडे आणि आईकडे. बाटली कशाशी खातात हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

टिल्ली पाचव्या महिन्यात गुटगुटीत झाली आणि वहिनी वाळत चालली. घाम यायचा, छाती धडधडायची. चिडचिड वाढली होती, पण ते आमच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण मुळात पाया भक्कम होता. आई म्हणाली, जागरणं आहेत. दादा म्हणाला, आई म्हणते तेच. वहिनीलाही ते पटलं होतं. मग एक दिवस तिच्या हातातली परीक्षानळी थरथरली आणि वहीत एक आकडा चुकीचा पडला. त्याच संध्याकाळी ती डॉक्टरांकडे गेली. स्वतःचा जीव धडधडतोय म्हणून गेली नाही, आकडा चुकला म्हणून गेली!

रक्त तपासल्यावर थायरॉइड फार वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, दोन शक्यता आहेत. बाळंतपणानंतर गळ्यातली ग्रंथी सुजली असेल, तर हळूहळू आपोआप बसेल. नाहीतर ती ग्रंथीच चेकाळली असेल, मग बरीच वर्षं औषधं. यातलं कुठलं, ते स्कॅनमध्ये कळेल.

स्कॅनच्या खोलीबाहेर एक फॉर्म भरायचा होता. त्यात 'आपण गर्भवती आहात का' असं विचारलं होतं. 'अंगावर पाजता का' असं कुठेच नव्हतं. वहिनीने ते समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ते वाचून आतला तंत्रज्ञ इंजेक्शन खाली ठेवून बाहेर आला.

"बरं झालं लिहिलंत. हे किरणोत्सारी औषध आहे, शिरेतून देतो. थोडंसंच असतं, पण दुधात उतरतं. त्यानंतर चोवीस तास अंगावर पाजायचं नाही, बाळाला फार वेळ कवटाळून बसायचं नाही. घाई नाहीये ना? मग दूध साठवून ठेवा आणि दोन आठवड्यांनी या."

"आणि त्या चोवीस तासांतलं दूध?"

"काढत राहायचं, नाहीतर आटेल. हवं तर टाकून द्या. फ्रीजरमध्ये तीन दिवस बाजूला ठेवलंत तर किरणोत्सार विरून तेही निर्धोक होतं. आपोआप."

वहिनीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो बिचारा जणू पाणी घातलेला कॅन घेऊन ओट्यावर उभा होता. "नापास दूध ठेवल्याने पास होत नाही," ती मला घरी येताना म्हणाली.

पुढचे दोन आठवडे आमच्या फ्रीजरमध्ये बर्फालाही जागा नव्हती. एकेक घोट साठवून वहिनीने नऊ बाटल्या भरल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: तारीख, वेळ, किती मिली, आणि खाली सही. सही कुणासाठी, असं मी विचारलं. "शिस्त," ती म्हणाली. मी ताज्या दुधावर टिल्लीला बाटलीची सवय लावली. तीन दिवस तिने घर डोक्यावर घेतलं, चौथ्या दिवशी मुकाट्याने प्यायली. सगळे खूश झाले. मग आईला एक गोष्ट आठवली.

"माझ्या मावसबहिणीच्या पोरीनं एकच दिवस बाटली तोंडात घेतली. परत काही आईला तोंड लावलं नाही."

आईच्या मावसबहिणींना सगळंच होऊन गेलेलं आहे, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. वहिनीने दिलं. रात्री भांडी घासताना मला म्हणाली, "ही परत नाही आली माझ्याकडे तर गं?" तिच्या तोंडी प्रश्न ऐकायची मला सवय नव्हती, म्हणून मी काहीतरी विनोद केला. तो करायला नको होता.

स्कॅन झाला. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी इंजेक्शन दिलं, ही वेळ तिने हातावर पेनाने लिहून आणली. घरी आली ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि दारातल्या खुर्चीवर बसली. टिल्ली बाहेर माझ्या मांडीवर. मी पहिली बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवली आणि तिच्या तोंडाला लावली. तिने एक घोट घेतला, नाक मुरडलं आणि सगळं माझ्या ओढणीवर परत केलं.

"आण इकडे," दारातून हुकूम आला.

मी बाटली दाराशी ठेवून मागे सरकले. वहिनीने झाकण उघडलं, नाक जवळ नेलं. दोन आकडे.

"साबणाचा वास येतोय. दुसरी आण."

दुसरीलाही तोच वास. तिने नऊच्या नऊ बाटल्या गरम पाण्यात बसवल्या आणि ओळीने हुंगल्या. टिल्ली भुकेने किंचाळत होती. मी तिला खांद्यावर घेऊन खिडकीशी गेले आणि वळून बघते तो पर्स उघडी, निळी बाटली बाहेर. तोंडातून 'अगं' निघेपर्यंत मोरीच्या कट्ट्यावर नऊ निळ्या बाटल्या उभ्या होत्या. प्रत्येकीवर तिचीच सही.

"अगं बये, फोन तरी करायचास!" आई म्हणाली.

फोन मी केला, स्पीकरवर. दवाखान्यातली नर्स शांतपणे म्हणाली, "हो, काहीजणींच्या दुधाला गोठवल्यावर साबणासारखा वास येतो. दूध खराब नसतं, बाळाला चालतं. चवीला नाही म्हणाली तर पुन्हा पुन्हा देऊन बघा. टाकू मात्र नका हं, किती कष्टानं साठवलेलं असतं."

आईने डोक्याला हात लावला. वहिनी त्या नऊ बाटल्यांकडे बघत राहिली. अकरा वर्षांत नापास केलेल्या किती कॅनचा हिशेब तिच्या डोळ्यांपुढून गेला कोण जाणे. मला त्या क्षणी तिला चिडवायचं होतं, आयतीच सापडली होती, पण आधी मी नर्सला टिल्लीला आता काय पाजायचं ते विचारलं.

नर्सने सांगितलेला पावडरचा डबा दादाने पळत जाऊन आणला. वहिनीने दारातून त्याची तारीख मला दोनदा वाचायला लावली. आणि जिने आईचं दूध थुंकलं होतं, ती टिल्ली बाजारातली पावडर गटागटा प्यायली, वर ढेकर दिली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फक्त दारातल्या खुर्चीवर बसलेली बाई भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी तिला रडताना प्रथमच पाहत होते.

"किती सहज प्यायली," ती म्हणाली. "आता माझ्यात काय राहिलं?"

मी जवळ जाऊन बसले. मला काही कवटाळायची बंदी नव्हती.

दर तीन तासांनी ती दूध काढायची, त्यात निळा चमचा घालायची, मोरीत ओतायची आणि वहीत लिहायची. रंग कशाला घालतेस, ते कोण विकणार आहे, असं दादाने विचारलं. ती त्याच्यावर खेकसली, तेव्हा कुठे घरात जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजताच तिचे वडील आले. स्कॅनचं काय झालं ते विचारायला आले होते, पण सगळ्यांच्या नजरा घड्याळावर बघून तेही खुर्ची ओढून बसले. आईने त्यांना बाटल्यांची कथा सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत मन लावून ऐकली.

अकरा वीस झाले. वहिनीने आणखी पाच मिनिटं जाऊ दिली, घड्याळ पुढे असेल म्हणून. मग पदर सावरून भिंतीला टेकून बसली आणि हात पुढे केले. हात थरथरत होते. ते थायरॉइडमुळे की कशामुळे, ते कुठल्याही स्कॅनमध्ये दिसलं नसतं.

मी टिल्लीला मांडीवर दिलं. टिल्लीने आईकडे बघितलं. नाक जवळ नेलं. जरा थांबली. आणि नाक मुरडून तोंड फिरवलं. अगदी तसंच, तोच तोरा, तेच नाक. ओट्यावरची सगळी रांग असती तर तिने एका आवाजात ओळखलं असतं.

वहिनीने तिचं डोकं हलकेच वळवलं. "टिल्ले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "एकदा परत बघ ना गं. एकदाच. परत बघ ना."

हे शब्द तिच्या तोंडून निघाले आणि तिलाच ऐकू आले. तिने मान वर करून वडिलांकडे पाहिलं. वडील छताकडे बघत होते. त्यांना बोलायला केवढी जागा होती! पण त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसत बसले.

टिल्लीने परत बघितलं. हुंगलं, चाटलं, विचार केला. मग तोंड लावलं ते अर्धा तास सोडलं नाही.

रिपोर्ट चार दिवसांनी आला. ग्रंथी सुजलेली होती, चेकाळलेली नव्हती. धडधडीसाठी एक गोळी आणि दर महिन्याला रक्त, बाकी काळ बघेल, असं डॉक्टर म्हणाले. हाताची थरथर दोन महिन्यांत गेली. तेवढे दिवस आकडे दुसऱ्याने लिहिले. नाक मात्र तिचंच.

परवा तिच्या वडिलांचा कॅन आला. मी टिल्लीला घेऊन ओट्यापाशीच होते. वहिनीने झाकण उघडलं, हुंगलं, दोन आकडे मोजले आणि चमचा उचलला. वडिलांनी या वेळी 'परत बघ' म्हटलं नाही. ती थांबली. चमचा खाली ठेवला, वाकली, आणि पुन्हा हुंगलं. चांगले पाच-सहा आकडे होतील इतका वेळ.

"नापास," ती म्हणाली आणि निळा रंग ओतला.

निळं दूध ओतून देऊन वडील रिकामा कॅन घेऊन सायकल ढकलत निघाले. पाच लिटरचं पाणी झालं होतं, पण वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "माझ्या लेकीनं आज दोनदा बघितलं!"